पहिली कांडी संपेपर्यंत

मी मुळात भित्री आहे. कुणाला तसं वाटत नाही, कारण माझं तोंड माहेरापासूनच चालतं, आणि लग्न झालं तेही सुताराच्या घरात, म्हणजे धार लावायची सोय झाली. पण भीती वाटली की मी जास्त बोलते. माझ्या नवऱ्याच्या हे पहिल्या दोन-चार महिन्यांतच लक्षात आलं होतं. मी बडबडायला लागले की हे रंधा खाली ठेवून विचारायचे, "काहून भेली आता?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव मोहाडीपासून सायकलीच्या टप्प्यावर. भोवती धानाच्या बांध्या, एका अंगाला तलाव आणि तलावापलीकडच्या गावात कोष्ट्यांची वस्ती. तिथे घराघरांत कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे माग होते. आमच्याकडचे बाकीचे सुतार नांगर, बैलगाड्या, दाराच्या चौकटी करायचे. आमचं घर धोट्यांचं. सासऱ्यांच्या आधीपासून कोष्टीपुऱ्यातले धोटे आमच्याच पडवीत बनत आले होते.

ज्यांनी धोटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वीतभराहून थोडा लांब लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे पोकळ. पोकळीत धागा गुंडाळलेली कांडी बसते. विणकर दोरी ओढतो तसा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून मागाच्या या बाजूच्या पेटीतून त्या बाजूच्या पेटीत पळतो आणि मागे आडवा धागा सोडत जातो. टोकांना लोखंडी टोप्या बसवलेल्या असतात. नीट बनलेला धोटा दिवसभर सरळ पळतो. वजन एका बाजूला गेलं, तळ वाकडा झाला किंवा टोक चिरलं, तर तो पळता पळता उसळतो आणि मागाबाहेर उडतो. मग तो कुणाला लागेल हे देवही सांगू शकत नाही.

कोष्टीपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या विणकराचा डावा डोळा असाच गेला होता. शेजारच्या मागावर कुणी जत्रेतून आणलेला धोटा चढवला होता, तो उडून त्याच्या डोळ्यात बसला. तेव्हापासून म्हाताऱ्याने एक नेम घालून दिला आणि सगळ्या वस्तीने तो मानला. धोटा ज्यानं बनवला त्यानंच तो घेऊन यायचं आणि मागाच्या पेटीजवळ जमिनीवर बसायचं. त्यांचे माग खड्ड्याचे, विणकराचे पाय खड्ड्यात आणि कापड जमिनीलगत. म्हणजे शेजारी मांडी घालून वाकून बसलेल्या माणसाचा चेहरा धोट्याच्या अगदी जवळ येतो. तोंड मागाकडे, डोळे उघडे, आणि पहिली कांडी संपेपर्यंत उठायचं नाही. तू आपला डोळा पणाला लावत असशील तर आमचे डोळे तुझ्या हाती देतो, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. सासरे असेच बसत आले. त्यांच्या मागे हे बसायला लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ही मोठी मानाची गोष्ट वाटायची. हे जाऊन बसायचे, चहा पिऊन यायचे आणि मी शेजारणींना सांगत सुटायची.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हे एका घराचे वासे बदलताना वरून पडले. हाडं शाबूत राहिली, पण उजवा हात खांद्यापासून लुळा झाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी शिरा दबल्याचं सांगितलं. हात आला तर येईल, म्हणाले. धान पेरून झालं, रोवणी झाली, कापणी लागली, तरी हात काही आला नाही. बोटं थंडगार असायची. मी रोज तेल चोळायची आणि रोज विचारायची, "काही समजते का?" त्यांना ते विचारणं आवडायचं नाही.

थंडी पडली आणि म्हाताऱ्या विणकराचा निरोप आला. त्याच्या जुन्या धोट्याचं टोक झिजलं होतं, लग्नसराईच्या लुगड्यांचा ताणा मागावर चढवायचा होता, आणि मिस्त्रीचा हात कसा काय, हेही विचारलं होतं. ह्यांनी बसल्या जागेवरून सांगून पाठवलं, "बरा हाये म्हणा. धोटा घेऊन येतो."

निरोप्या अंगणाबाहेर जायच्या आत मी तोंड सोडलं. "बरा हाये? कोनता हात बरा हाये? अन् धोटा कोन बनवनार, तुमचा बाप येनार काय वरून?"

"तू बनवशील," हे म्हणाले.

आमच्या घरात बाईनं लाकूड तासायची वाकस उचलायची नाही, अवजारं ओलांडायची नाहीत, असा दंडक. लाकूड धरून बसावं, काचकागद घासावा, शेवटी जवसाचं तेल चोळावं, इथपर्यंत बाईचं काम. मी इतकी वर्षं लाकूड धरून बसले होते. वाकस कुठल्या कोनात पडते, पटाशी कुठे थांबते, हे मला पाहून पाहून पाठ झालं होतं. पण पोहणाऱ्याला काठावरून रोज पाहिलं म्हणून कुणी तलावात उडी घेत नाही. मी नाही म्हटलं. तीन वेळा म्हटलं. मग ह्यांनी डाव्या हाताने वाकस उचलून माझ्यापुढे ठेवली आणि मान दुसरीकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला दिसू नये म्हणून मान वळवली होती, आणि मला दिसलं.

धोट्याला आम्ही तेंदूचा काळा गाभा वापरतो. लाकूड जड आणि चिवट, पण वाळताना खोड काढतं. म्हणून ते उन्हात ठेवत नाहीत, धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, पुरून ठेवतात. धान हळूहळू ओल ओढून घेतं. पुरं वाळायला वर्ष लागतं. ढोलीत दोन तुकडे होते. एक मागच्या हिवाळ्यातला, एक ह्या उन्हाळ्यातला. दिसायला दोन्ही सारखेच. वाळलेला कोणता हे ह्यांना बोटांच्या टोकांनी समजायचं, पण ती बोटं उजव्या हाताची. ह्यांनी डावा हात दोन्ही तुकड्यांवर फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "हा." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची खात्री नव्हती. 

पडवीचं दार लावून आम्ही कामाला बसलो. भरदिवसा सुताराच्या पडवीचं दार बंद पाहून शेजारीण दोनदा डोकावून गेली. आतून ठोकण्याचा आवाज आला की हे मोठ्याने खाकरायचे, मधेच "अस्सं!" म्हणायचे, जणू तेच ठोकताहेत. एरवी मी हसून हसून लोळले असते. तेव्हा माझे दात वाजत होते. हे पायाने लाकूड दाबून धरायचे, डावा हात वरून ठेवायचे आणि मी वाकस चालवायची. "हात काढा तिथून," मी ओरडायची. "तू लाकडाकडे पाह्य. हाताकडे पाहू नोको," हे म्हणायचे. गिरमिटाने भोकं पाडली, पटाशीने मधली पोकळी खोदली, कानशीने टोकं निमुळती केली. एकदा पटाशी सटकली आणि ह्यांच्या अंगठ्यापासून जवभर अंतरावर रुतली. मी पटाशी टाकून परसात गेले आणि उलटी केली.

तरीही धोटा झाला. विळ्याच्या पात्यावर मधोमध ठेवून पाहिला तर दोन्ही बाजू समान तोलल्या. ह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जशी जोडीदार गड्याला मारतात. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी भाजीत मीठ टाकायला विसरले.

मग टोप्या बसवायच्या होत्या. लोखंडी टोपीचा खिळा लाकडाच्या टोकात ठोकून बसवायचा असतो. पहिली टोपी बसली. दुसरीच्या शेवटच्या ठोक्याला बारीकसा आवाज आला. लाकडाचा आला की खालच्या दगडाचा, मला कळलं नाही. मी धोटा उजेडात धरला. टोपीच्या अलीकडे केसाएवढी एक फिकट रेघ होती. आधी होती का? आठवेना.

"हे पहा," मी म्हटलं.

ह्यांनी डाव्या अंगठ्याने रेघ चाचपली. "काळ्या लाकडात रेघ राहतेच," म्हणाले. मग जन्माची सवय म्हणून धोटा उजव्या हातात ठेवला, डाव्या हाताने त्या हाताची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली, आणि डोळे बंद करून बसले.  बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि धोटा मला परत दिला. बोटं काहीच बोलली नव्हती.

त्यानंतर माझी बडबड सुरू झाली ती थांबेचना. दुसरा तुकडा घेऊ. तो ओला असंल, हे म्हणाले. मग तो वाळेपर्यंत थांबा, मी म्हटलं. ताणा तवापर्यंत थांबते काय? मग मी बसते पेटीजवळ. "तुले कोन बसू देईल?" हे म्हणाले. "अन् तू बसली का साऱ्या कोष्टीपुऱ्याले समजल. मंग आपल्या घरचा धोटा कोनी हातात धरनार नाई." त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला त्यांचा राग आला. मी भाकरी थापताना त्यांचे डोळे पाहायची. जेवताना पाहायची. एका हाताचा सुतार निदान सांगून तरी काम करवून घेतो. आंधळ्या सुताराचं काय करायचं? त्या रेघेवर मी तेल चोळलं, पुन्हा चोळलं. रेघ तेल पिऊन काळी झाली, दिसेनाशी झाली आणि माझी भीती आणखी वाढली. आता ती आहे की नाही हेही मला पाहता येईना.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. ह्यांनी उजवा हात शालीत लपेटला होता. म्हातारा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, मागावर तांबूस पिवळा कोशाचा ताणा चढलेला होता. त्याच्या म्हातारीने आम्हाला पाणी दिलं. म्हाताऱ्याने धोटा हातात घेतला, तोलला, पोकळीत बोट फिरवलं.

"हात बसला तुहा, मिस्त्री," तो म्हणाला. "बापावानी काम हाये."

ह्यांनी शाल खांद्यावरून घट्ट ओढून घेतली. पेटीजवळ जाऊन मांडी घातली, वाकले आणि तोंड मागाकडे केलं. म्हाताऱ्याने कांडी बसवली, धागा ओवून काढला आणि धोटा पेटीत सोडला. मी दारात म्हातारीच्या बाजूला उभी होते. ह्यांच्या कानामागची शीर उडताना मला तिथून दिसत होती. म्हाताऱ्याचा हात दोरीकडे गेला.

"थांबा!" मी म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या घरातला मागही बंद पडला.

"धोटा मी बनवला हाये. यांचा हात अजून मेलेलाच हाये. अन् टोकापाशी एक रेघ हाये. चीर हाये का लाकडाची रेघ हाये, मले समजत नाई. यांले समजत नाई. ज्यानं बनवला तो बसते ना? मंग मी बसतो."

मी "बसतो" म्हणाले. आमच्याकडे बायाही तसंच बोलतात, पण म्हातारीला त्या घडीला ते ऐकून धक्काच बसला. तिने पदर तोंडाला लावला. "अगे माय, बाईनं बनवला धोटा! अन् मागावर चढवला!" ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. डोळा वाचवायला गेले आणि घर घालवलं.

 म्हाताऱ्याने धोटा पेटीतून काढला, उजेडात नेला आणि चांगल्या डोळ्याजवळ धरला. नखाने टोक खरवडलं. जीभ लावून ओलं केलं, पुन्हा पाहिलं. त्यालाही समजलं नाही हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

"फेकल्याबिगर नाई समजनार," तो म्हणाला. "वापस नेतं काय?"

न्यावा असं मला फार वाटत होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते अजून पेटीजवळच बसले होते, उठले नव्हते. मी धोटा परत नेला असता तर पडवीचं दार आम्ही स्वतःच्या हाताने कायमचं लावलं असतं, हे मला समजत होतं आणि त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

"नाई," मी म्हणाले. "फेका."

"अवो, बाईच्या जातीले पेटीपाशी काहून बसवता?" म्हातारी म्हणाली. "उद्या काही झालं तं?"

"माहा डोळा गेला," म्हातारा म्हणाला, "तवा धोट्यानं मले इचारलं नोयतं, तू बाई हायेस का मानूस. बस, पोरी."

मी ह्यांना उठा म्हटलं. ते उठले नाहीत. थोडे सरकले फक्त. मी त्यांच्या डावीकडे बसले, वाकले. पेटी इतकी जवळ होती की तिच्या तेलाचा वास येत होता.  माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच इतकी भ्याले होते की तोंडातून शब्द फुटत नव्हता. म्हाताऱ्याचाही हात दोरीवर थांबून राहिला. त्याने खाकरून घेतलं, देवाचं नाव घेतलं, पुन्हा हात थांबला.

मग त्याने दोरी ओढली, आणि माझ्यापुढे अंधार झाला.

मला वाटलं लागलं. पण दुखलं नाही. डोळ्यांवर काहीतरी ऊबदार होतं, त्याला जवसाच्या तेलाचा आणि तंबाखूचा वास होता. ह्यांचा डावा हात होता तो. माझ्या दोन्ही डोळ्यांवर त्यांनी आपला एकुलता चालता पंजा आडवा धरला होता. मी तो ओढायला गेले, हलला नाही. मागाचा आवाज सुरू झाला होता. खट, खट, खट. धोटा इकडच्या पेटीत येऊन आदळायचा तेव्हा तो हात शहारायचा, मला ते पापण्यांवर जाणवायचं. तरी तो बाजूला झाला नाही. डोळे उघडे ठेवायचा नेम होता. माझे उघडे होते, पण हाताच्या आत. कांडी किती वेळ चालली मला सांगता येणार नाही. कोशाचा धागा बारीक असतो, तो संपता संपत नाही.

आवाज थांबला. हात निघाला. उजेडामुळे मला आधी काही दिसेना. म्हातारा रिकामी कांडी काढत होता. त्याने धोट्याचं टोक पुन्हा ओलं करून पाहिलं. रेघ होती तेवढीच होती, वाढली नव्हती.

"सरळ हाये," तो म्हणाला. एवढंच. दुसरी कांडी त्याने न विचारता बसवली. म्हातारी आत चहा ठेवायला गेली.

चहा कसा होता मला आठवत नाही. गावाबाहेर तलावाची पाळ लागली तशी माझी जीभ परत आली. "तो हात कायले मधात घातला? तोच तं एक राहिला हाये! हात फुटला असता तं लाकूड कोन धरनार होतं? जेवाले कोन घालनार होतं तुमाले? अक्कल हाये का नाई?" मी ओरडत होते आणि रडत होते. आठवडाभर मी ह्यांच्या डोळ्यांसाठी जीव मुठीत धरून होते, आणि त्यांनी उरलेला हातच समोर धरला होता. आता सगळं निभावल्यावर मला खरी भीती वाटायला लागली होती.  मी पाळीवरच बसले.

हे समोर उभे राहिले. माझं ओरडून होईपर्यंत थांबले.

"माह्या डोळ्याले आता काम कराले हात नाई," मग म्हणाले. "तुह्या डोळ्याले हाये. मंग कोनते डोळे वाचवाव?"

  मी उठले आणि त्यांचा डावा हात धरला. आमच्याकडे त्या काळी नवरा-बायको रस्त्याने हात धरून चालत नसत, नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे. बांधीत धानाचे भारे बांधणाऱ्या बाया कामं सोडून उभ्या राहिल्या, एकीने तर फिदीफिदी हसून दुसरीला कोपराने ढोसलं. मला त्यांची लाज वाटली नाही. घराचं दार येईपर्यंत मी तो हात सोडला नाही.